जुन्या नाण्यांवरील विवर्णता : रंग आणि कारण

१. प्रश्नाचे स्वरूप

सातवाहनकालाच्या इतिहासाची उभारणी मुख्यत्वे तीन साधनांवर झालेली आहे : पुराणांतील वंशावळी, लेण्यांतील कोरीव लेख आणि नाणी. पुराणांचे पाठ शतकानुशतके नकलाकारांच्या हातांतून गेले. कोरीव लेख दगडात स्थिर राहिले, परंतु त्यांची संख्या मर्यादित आहे. नाणी मात्र हजारोंनी उपलब्ध होतात, आणि ज्या राजाने ती पाडली त्याच्या नावाची समकालीन साक्ष देतात. म्हणूनच नाण्यांवरील लेख, चिन्हे, वजन व आकार यांची नोंद संशोधकांनी फार काटेकोरपणे ठेवली. रंगाची नोंद मात्र बहुतेक सूचींत एखाद्या विशेषणातच आटोपते : ‘हिरवट’, ‘काळपट’, ‘पांढुरका थर असलेले’. हा रंग कशाने आला, हा प्रश्न विचारला जातोच असे नाही; आणि विचारला गेला तरी त्याचे उत्तर पुष्कळदा डोळ्यांच्या भरवशावर दिले जाते.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे ते इतकेच की, नाण्यावरील विवर्णता ही टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतरच्या त्याच्या आयुष्याची नोंद असते. तथापि केवळ रंगावरून तिचे कारण सिद्ध होत नाही. एकाच रंगाला चार कारणे असू शकतात आणि एकाच कारणातून चार रंग उद्भवू शकतात. कारण ठरविण्यात चूक झाली तर ती प्रयोगशाळेपुरती राहत नाही. नाण्याचा धातू कोणता, राज्याचे चलन कसदार होते की हीनकस, आणि नाण्यावरील नाव नेमके काय, या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांत ती शिरते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने धातूंच्या विकारांविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु प्राकृताच्या अभ्यासकाला नाण्यांवरील ब्राह्मी लेख वाचावेच लागतात, आणि ते ज्या पृष्ठभागावर उमटलेले असतात तो पृष्ठभाग क्वचितच मूळ स्थितीत असतो. शिवाय पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, साम्यावरून कारणाचे अनुमान करण्यातला धोका भाषाशास्त्राला चांगलाच परिचित आहे.

२. शब्दांची साक्ष

धातूंच्या विकारांसाठी मराठीत अनेक शब्द आहेत. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली तर ती ‘कळकते’. या क्रियापदाशी संबद्ध असलेला ‘कळंक’ म्हणजे संस्कृतातील ‘कलङ्क’, अर्थात डाग. तांब्यावरील हिरव्या पुटाला फारसीतून आलेला ‘जंगाल’ हाही शब्द आहे, आणि त्यावरूनच ‘जंगाली’ हे हिरव्या रंगाचे नाव रूढ झाले. लोखंडाच्या गंजाला ‘तांबेरा’ म्हणतात आणि गव्हावर पडणाऱ्या रोगालाही तांबेराच म्हणतात. पहिला हवा व पाणी यांच्या योगाने होतो, दुसरा बुरशीमुळे होतो, आणि दोहोंतही तांब्याचा लवलेश नाही. नाव पडले ते केवळ तांबूस रंगावरून. व्यवहारातील भाषा रंगाला नाव देते, कारणाचा शोध घेण्याचे तिला प्रयोजन नसते.

सराफी व्यवहारातील शब्द याहून उद्बोधक आहेत. ‘सराफ’ हा अरबीतून आलेला शब्द मुळात नाण्यांची अदलाबदल करणाराचा वाचक आहे. सरकारी खजिन्यात भरल्या जाणाऱ्या नाण्यांची पारख करणे हे पोतदाराचे काम. परक्या, झिजलेल्या किंवा संशयास्पद नाण्यावर जी कपात होई ती ‘बट्टा’. आणि कुळाला वा कीर्तीला लागतो तोही ‘बट्टा’च. नाणे काळवंडले की ते खोटे असल्याचा संशय यावा, आणि संशय आला की त्याची किंमत उतरावी, हा व्यवहारातला क्रम या एका शब्दात साठलेला आहे. संशोधकाने नेमक्या याच दोन गोष्टी, म्हणजे मळणे आणि हीनकस असणे, परस्परांपासून वेगळ्या करावयाच्या असतात.

व्युत्पत्तिशास्त्रातही असाच प्रसंग येतो. फारसीतून मराठीत आलेला ‘बद’ (बदनाम, बदसूर) आणि इंग्रजीतील ‘बॅड’ हे शब्द उच्चाराने जवळचे व अर्थाने एकच. तरी त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. उलट मराठी ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत एकही ध्वनी समान दिसत नाही, परंतु नियमित ध्वनिपरिवर्तनांच्या आधारे दोन्ही एकाच मूळ शब्दापर्यंत जाऊन पोचतात. साम्य दिसले म्हणून संबंध मानू नये आणि भेद दिसला म्हणून तो नाकारू नये, हा धडा आपण पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना देतो. नाण्यांच्या रंगालाही तोच लागू करावयाचा आहे. ध्वनिनियमांच्या जागी येथे धातूंचे रसायन येते, आणि शब्दाच्या संदर्भाच्या जागी नाणे जेथे सापडले ती जमीन.

३. तांबे

तांब्याचे नाणे जमिनीत पडले म्हणजे त्याच्या पृष्ठभागाशी प्रथम तांबडे ऑक्साइड तयार होते. त्याच्यावर जमिनीतील पाणी व कर्बवायू यांच्या योगाने हिरवे कार्बोनेट चढते. खनिजशास्त्रात त्याला मॅलाकाइट म्हणतात. क्वचित त्याच्या जोडीने निळे ॲझुराइटही आढळते. म्हणजे हिरवा, निळा व तांबडा हे तिन्ही रंग एकाच नाण्यावर, एकाच धातूतून व एकाच क्रियेच्या ओघात येऊ शकतात. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, नाण्याचा मूळ पृष्ठभाग, अर्थात ज्यावर अक्षरे उठविलेली होती ती पातळी, पुष्कळदा या तांबड्या थरात किंवा त्याच्या वरच्या सीमेवर टिकून असते. ‘गंज काढून स्वच्छ धातू दिसेपर्यंत’ घासलेल्या नाण्यावरची अक्षरे गंजाबरोबरच निघून जातात. ती त्या थरातच जतन झालेली होती, हे त्यानंतर कळून उपयोग नसतो.

दुसरा हिरवा रंग याहून अगदी निराळा. मॅलाकाइट कठीण, गर्द व स्थिर असते. हा फिकट, भुकटीसारखा असून ठिपक्याठिपक्यांनी उमटतो. त्याचे कारण क्लोराइड, अर्थात क्षाराचा अंश. सोपारा किंवा चौल यांसारख्या समुद्रकाठच्या जमिनीत हा अंश नाण्यात सहज शिरतो आणि धातूला लागून मेणचट, करड्या क्लोराइडच्या रूपाने दडून राहतो. नाणे बाहेर काढल्यावर हवेतील दमटपणा मिळताच त्यातून फिकट हिरवी भुकटी व आम्ल निर्माण होते, आणि ते आम्ल पुन्हा ताज्या तांब्यावर चालून जाते. हे चक्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडून दाखविले. इंग्रजीवरून त्याला ‘कांस्यरोग’ असे नाव मिळाले. पण येथेही नावाने फसू नये. हा रोग जंतूंमुळे होत नाही, आणि तो शुद्ध तांब्यालाही जडतो. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत ठेवली तर तो प्रायः थांबतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेले नाणे मात्र एका हंगामात पोखरले जाऊ शकते. मॅलाकाइट तसेच राहू द्यावयाचे, याला मात्र तात्काळ आवरावयाचे. दोहोंना ‘हिरवट’ या एकाच शब्दाने नोंदविणारी सूची हा भेद पुसून टाकते.

काळ्या रंगाचेही असेच आहे. तांब्याचे नाणे आगीत सापडले तर त्यावर काळे ऑक्साइड येते. तेच नाणे शेण, कुजके पदार्थ किंवा निचरा नसलेला चिखल यांत पडून राहिले तर काळे सल्फाइड येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच. परंतु पहिल्याच्या आधारे वस्ती जळाल्याचे अनुमान काढता येईल, दुसऱ्याच्या आधारे नाणे उकिरड्यात पडले होते एवढेच म्हणता येईल. उत्खननात काळ्या नाण्यांचा पुंजका मिळाला आणि शेजारी राखेचा थर असला तर परचक्राची कथा जुळविण्याचा मोह प्रबळ असतो. त्या कथेच्या आधी काळेपणाचे कारण तपासणे अगत्याचे आहे.

सर्वांत चकविणारा रंग म्हणजे सोनेरी. प्राणवायू न पोचणाऱ्या पाणथळ गाळात तांब्याच्या वस्तूंवर तांबे व लोह यांचे संयुक्त सल्फाइड जमते आणि ते पितळेसारखे चमकते. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठच्या उत्खननांतून अशा वस्तू मिळाल्या असून त्यांवरील थरांचे पृथक्करणही झालेले आहे. आपल्याकडे तीर्थक्षेत्रांतील नद्यांत नाणी टाकण्याची चाल जुनी आहे. घाटाखालच्या गाळातून निघालेले सोनेरी झाक असलेले तांब्याचे नाणे पितळेचे किंवा मुलामा दिलेले ठरविण्यापूर्वी ही शक्यता विचारात घेतली पाहिजे.

४. रुपे

रुप्यावर पहिला परिणाम होतो तो गंधकाचा. हवेतील गंधकयुक्त वायू, लोकर, रबर, हलक्या प्रतीचा कागद यांच्या सान्निध्यात रुप्यावर सल्फाइडचा अतिसूक्ष्म थर येतो. त्याची जाडी वाढते तसा तो पिवळसर, तपकिरी, जांभळट व निळा दिसून अखेर काळा होतो. हे सर्व रंग एकाच पदार्थाचे आहेत. त्यांतील भेद थराच्या जाडीतून, प्रकाशकिरणांच्या परस्परक्रियेमुळे उत्पन्न होतो. एका बाजूने निळे व दुसऱ्या बाजूने पिवळे दिसणारे नाणे दोन निरनिराळ्या धातूंचे नसते. बहुधा ते पेटीत एका कुशीवर पडून राहिलेले असते.

खाऱ्या जमिनीत रुप्याचे क्लोराइड होते. ते करडे, जांभळट किंवा तपकिरी असून नखाला मेणासारखे लागते. अशा नाण्याचा गाभा पुष्कळदा ठिसूळ झालेला असतो आणि त्याचे ठसे या थरातच उरलेले असतात. काळे सल्फाइड काढण्याच्या उपायांनी ते साफ करावयास जाणे म्हणजे नाणेच गमावणे होय.

रुप्याच्या नाण्यावर हिरवा थर दिसला तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण त्याला निदान तीन कारणे संभवतात. रुप्यात तांबे मिसळलेले असेल तर जमिनीत आधी तांबे झिजते आणि ते पृष्ठभागावर हिरव्या रूपाने येते. तांब्याच्या गाभ्यावर रुप्याचा पत्रा चढविलेले बनावट नाणे असेल तर जेथे पत्रा फुटला तेथून, विशेषतः कडेने, हिरवे फुगारे निघतात. आणि शुद्ध रुप्याचे नाणे तांब्याच्या भांड्यात किंवा तांब्याच्या नाण्यांसोबत पुरलेले असेल तर शेजाऱ्याचाच हिरवेपणा त्यावर चढतो. पहिल्या बाबतीत दोष राज्याच्या चलनाचा, दुसऱ्यात खोटी नाणी पाडणाराचा, तिसऱ्यात कोणाचाच नाही.

याच्या उलट फसवणूकही घडते. हीनकस रुप्याची चकती तापवून आम्लात टाकली म्हणजे पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि वर पांढऱ्याशुभ्र रुप्याचा पापुद्रा राहतो. नाणी उजळण्याची ही युक्ती प्राचीन टांकसाळींना अवगत होती. पुढे जमिनीतील झीजही पृष्ठभागावरचे तांबे आणखी कमी करते. रोमन देनारियस नाण्यांच्या बाबतीत असे दिसून आले की, केवळ पृष्ठभागाची क्ष-किरण तपासणी केली तर रुप्याचे प्रमाण वास्तवाहून जास्त भरते. नाण्याच्या गाभ्यातून सूक्ष्म नमुना घेतल्यावर खरा कस कळतो. ज्या काळच्या चलनघसरणीवरून आपण व्यापार, युद्धे व राजकोश यांविषयी अनुमाने करतो, त्या घसरणीचा आलेखच अशा रीतीने विपर्यस्त होऊ शकतो.

इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा साठा सापडला, हे सर्वविदित आहे. त्यातील तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. क्षहरातांचा पराभव सिद्ध करणारा पुरावा म्हणून या साठ्याचे महत्त्व आहेच. पण विवर्णतेच्या अभ्यासकाला अशा साठ्यात आणखी एक सोय असते. एकाच ठिकाणी, एकाच काळी पुरलेल्या नाण्यांना जमीन एकच लाभलेली असते. मग त्यांच्यातील रंगभेदाचे कारण जमिनीऐवजी धातूत, पुन्हा ठसा मारण्याच्या क्रियेत, वापरातल्या झिजेत किंवा साठ्यातील नाण्याच्या जागेत शोधावे लागते. शास्त्रज्ञ प्रयोगात ज्याप्रमाणे एक घटक स्थिर ठेवतो, तसा तो येथे काळानेच स्थिर ठेवलेला असतो. साठा वाटला गेला, आणि प्रत्येक मालकाने आपापल्या रीतीने नाणी उजळली, म्हणजे ही सोय कायमची नाहीशी होते.

५. शिसे आणि पोटीन

शिशाची नाणी हे सातवाहनकालीन दख्खनचे वैशिष्ट्य होय. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडाशी संबंधित असलेली ‘कुर’ नामधारी राजांची नाणी अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे १९४५–४६ मध्ये उत्खनन केले. या नाण्यांवर ‘रञो वासिठिपुतस विळिवायकुरस’ यासारखे लेख असतात.

शिसे जमिनीत असताना त्यावर करडा किंवा पांढुरका थर येतो. चुनखडीयुक्त जमिनीत तो पुष्कळसा संरक्षकच असतो. खरा धोका सुरू होतो तो नाणे बाहेर काढून लाकडी कपाटात ठेवल्यानंतर. लाकडातून, प्लायवुडातून व चिकटद्रव्यांतून सेंद्रिय आम्लांची वाफ सूक्ष्म प्रमाणात निघत असते. तिच्या योगाने शिशाचे पांढरे कार्बोनेट होत जाते आणि नाण्याची भुकटी होते. शिसे व शिर्का एकत्र कोंडून सफेदा करण्याची कृती ग्रीक लेखक थिओफ्रास्टस याने इ. स. पू. चौथ्या शतकाच्या सुमारासच वर्णिली आहे; बंद खणात मंदगतीने तीच घडते. सुमारे अठरा शतके मातीत तग धरलेले नाणे संग्रहात काही दशकांत नष्ट व्हावे, असा हा प्रकार आहे. पांढरा रंग ‘पुरातनत्वाची खूण’ म्हणून स्वीकारल्यास त्याचे कारण आपल्याच कपाटात आहे, याकडे दुर्लक्ष होते.

अर्थात प्रत्येक पांढरा थर शिशाचा नसतो. पैठण, तेर, नेवासे यांसारख्या स्थळांच्या परिसरातील काळी जमीन चुनखडीयुक्त असते, आणि चुन्याचे कार्बोनेट कोणत्याही धातूवर बसू शकते. आम्लाच्या थेंबाने दोन्ही फसफसतात, म्हणून ती परीक्षा येथे पुरेशी नाही. विद्रावात पोटॅशियम आयोडाइड घातल्यास शिसे असेल तर चमकदार पिवळा साका पडतो. चुन्याचा पडत नाही.

पोटीन म्हणजे तांबे, कथील व शिसे यांचे मिश्रण. त्यातील तांबे झिरपून गेले की पृष्ठभागावर कथलाचे ऑक्साइड उरते आणि नाणे करडे दिसू लागते; त्यामुळे ते शिशाचे समजले जाण्याचा संभव असतो. विदर्भातील पोटीन नाण्यांचे महत्त्व तऱ्हाळा येथील साठ्याने सिद्ध केले. तत्कालीन अकोला व सध्याच्या वाशीम जिल्ह्यातील या गावी १९३९ मध्ये सापडलेला हा साठा वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केला. त्यातून पुराणांच्या वंशावळीत न आढळणारी कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखी नावे पुढे आली. अशा राजांचे ऐतिहासिक अस्तित्व केवळ या करड्या, झिजलेल्या चकत्यांवरील काही अक्षरांवर अवलंबून आहे.

येथेच भाषाशास्त्राचा प्रत्यक्ष संबंध येतो. ब्राह्मी लिपीत ‘ठ’ हे अक्षर पोकळ वर्तुळासारखे असते आणि त्याच वर्तुळाच्या मध्यभागी बिंदू दिला की ‘थ’ होतो. ‘वासिठिपुतस’ या शब्दातील वर्तुळात गंजाचा एक खळगा पडला तर तो ‘वासिथिपुतस’ असा वाचला जाईल. उलट बिंदू पुटाखाली बुजला तर ‘थ’चा ‘ठ’ होईल. मूर्धन्य व दंत्य वर्णांच्या प्रादेशिक वाटणीविषयी एखादा सिद्धांत त्यावर उभारणे मुळीच कठीण नाही. अनुस्वार हाही ब्राह्मीत केवळ बिंदूच असतो. अनुनासिकाच्या लोपाची वा रक्षणाची चर्चा करताना तो ठशाने उमटविला की क्षाराने कोरला, हे आधी ठरविले पाहिजे. ठशाचा बिंदू धातूच्या पृष्ठभागावर उंच उठलेला असतो, गंजाचा खळगा खाली गेलेला असतो. भिंगाखाली, तिरप्या प्रकाशात हा भेद सहसा कळतो. सपाट प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रात मात्र तो कळतोच असे नाही. छायाचित्रावरून केलेले वाचन म्हणूनच मूळ नाण्याशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

६. मनुष्याचा हात

आतापर्यंत जमीन व हवा यांचा विचार झाला. परंतु पुष्कळ नाणी जमिनीत कधी गेलीच नाहीत. ती घराघरांतून वावरली. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्र पति’ ही अक्षरे असलेली शिवराई पिढ्यान्‌पिढ्या देवघरांत पुजली गेली. तिच्या अक्षरांच्या खोबणीत दिसणारा तांबडा रंग तांब्याचे ऑक्साइडच असेल असे नाही; तो कुंकवाचाही असू शकतो. कुंकवातील हळदीचा रंग मद्यार्कात उतरतो, ऑक्साइडचा उतरत नाही. शेंदूर असेल तर आणखी गोंधळ संभवतो, कारण शेंदूर हे प्रायः शिशाचेच ऑक्साइड. त्याचा अंश पाहून नाण्याच्या धातूत शिसे आहे असे म्हणता येणार नाही.

चिंचेने घासलेले तांब्याचे नाणे उठावाच्या भागी लालसर व खोलगट भागी काळे राहते. तांब्याची व रुप्याची नाणी एकाच आम्लात टाकून लोखंडी चिमट्याने काढली तर रुप्यावर तांब्याची गुलाबी झाक बसते. ती पाहून ‘रुप्यात तांब्याची भेसळ’ असा निष्कर्ष निघू शकतो. वस्तुतः ती झाक विक्रेत्याच्या वाडग्यातली असते. अशा खुणा दोष म्हणून खोडून टाकू नयेत. नाण्याची पूजा झाली, त्याला कडी लावून ते गळ्यात घातले गेले, बाजारात उजळून विकले गेले, हाही त्याचा इतिहासच आहे. फक्त तो कोणत्या काळचा, हे ओळखता आले पाहिजे.

७. निदानाचा क्रम

या विवेचनावरून परीक्षणाचा एक क्रम सुचविता येईल. आरंभी नाण्याला काहीही न लावता ते पाहावे : रंग कोठे आहे, सर्वत्र की कडेला, उठावावर की खोबणीत, थर कठीण की भुकटीसारखा, एक की अनेक, आणि असल्यास कोणाच्या वर कोण. थरांचा क्रम हाच काळाचा क्रम होय, हे उत्खननशास्त्रातील तत्त्व येथेही उपयोगी पडते. त्यानंतर सापडण्याचे ठिकाण, जमीन, सोबतच्या वस्तू व पुढे नाणे कशात ठेवले गेले, याची माहिती जमवावी.

दुसरी पायरी विशिष्ट गुरुत्वाची. हवेतील वजनाला पाण्यात कमी भरणाऱ्या वजनाने भागले असता ते मिळते. शुद्ध रुप्याचे सुमारे १०.५, तांब्याचे सुमारे ८.९ व शिशाचे सुमारे ११.३ असते. गंजलेल्या, सच्छिद्र नाण्याच्या बाबतीत हा आकडा खरा मानू नये; पण धातूविषयीची ढोबळ शंका त्याने फिटते. कांस्यरोगाचा संशय असलेले नाणे मात्र पाण्यात बुडवू नये.

तिसरी पायरी पुटाच्या परीक्षेची. नाण्यावर थेट थेंब कधीही टाकू नये. सुईच्या टोकाने थराचा कण काढून काचपट्टीवर तपासावा. सौम्य नायट्रिक आम्लात कण फसफसला तर कार्बोनेट. त्या विद्रावात सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरा साका आला तर क्लोराइड. यासाठी ऊर्ध्वपातित पाणीच वापरले पाहिजे. मात्र रुप्याचे क्लोराइड या आम्लात विरघळत नाही, म्हणून रुप्याच्या नाण्यावरील पुटाला ही कसोटी लागू पडत नाही. सोडियम अझाइड व आयोडीन यांच्या द्रावात बुडबुडे निघाले तर सल्फाइड. आगीतल्या काळ्या ऑक्साइडमुळे ते निघत नाहीत. अझाइड विषारी असल्याने ही परीक्षा रसायनशास्त्र विभागाच्या देखरेखीखालीच व्हावी. येथवरची साधने कोणत्याही महाविद्यालयात उपलब्ध होऊ शकतात.

यापुढे क्ष-किरण विवर्तनाने पुटातील संयुग कोणते ते निश्चित होते आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीने मूलद्रव्ये कळतात. या दोहोंत गल्लत करू नये. प्रतिदीप्तीने ‘तांबे आहे’ एवढेच समजते. ते तांबे मॅलाकाइटात आहे की क्लोराइडात, हे विवर्तन सांगते. शिवाय प्रतिदीप्तीची पोच वरच्या अत्यंत पातळ थरापुरतीच असल्याने तिच्या आकड्यांवरून संपूर्ण नाण्याचा कस सांगणे धाडसाचे ठरते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९१७ मध्ये पुरातत्त्व-रसायनज्ञाची नेमणूक केली, त्या वेळेपासून आपल्याकडे या विद्येची परंपरा आहे. नाणकशास्त्राचे विद्यार्थी तिच्यापासून दूर राहतात, याचे कारण साधनांचा अभाव हे नसून विषयांमधील भिंती हे आहे.

८. समारोप

येथे एक व्यावहारिक सूचना करून हा लेख पुरा करतो. पदव्युत्तर प्रबंधासाठी एखाद्या नाणेसाठ्याची सूची करणाऱ्या विद्यार्थ्याने लेख, चिन्हे, वजन व आकार यांच्या जोडीला चार रकाने अवश्य ठेवावेत : स्वच्छ करण्यापूर्वीचा रंग व त्याचे स्थान, थरांचा क्रम, केलेल्या परीक्षा व त्यांचे फलित, आणि नाणे पूर्वी कोणी, कशाने स्वच्छ केले असल्यास त्याची माहिती. कारण सिद्ध झालेले नसेल तेथे केवळ रंग लिहावा आणि कारणाचा रकाना रिकामा सोडावा. पुढील संशोधकाला अशा रिकाम्या रकान्याचा उपयोग होतो, कारण तेथे काय तपासावयाचे राहिले आहे ते त्याला कळते. अंदाजाने भरलेला रकाना मात्र त्याला ती तपासणीच करू देत नाही. विशेषतः ज्या नाण्यांवर एकाच राजाच्या नावाचा एकमेव आधार आहे, ती नाणी या चार रकान्यांच्या नोंदीवाचून कोणत्याही द्रावात बुडविली जाऊ नयेत.